विश्लेषण : शस्त्रनिर्यातीला लगाम घालणारे एइसाकू सातो आणि ऑस्ट्रेलियाला निघालेली जपानी युद्धनौका

जपानच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने २८ नोव्हेंबर २०२४ रोजी एका निर्णयाला मान्यता दिली. ऑस्ट्रेलियाने जपानची मोगामी वर्गातील फ्रिगेट निवडली, तर तिची सुधारित आवृत्ती दोन्ही देशांनी मिळून विकसित करायची आणि त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान ऑस्ट्रेलियाला द्यायचे, असा हा निर्णय होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने खरोखरच या नौकेची निवड जाहीर केली. ११ नौकांची ही योजना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानचा सर्वांत मोठा शस्त्रव्यवहार मानली जाते. मात्र याच जपानने जवळपास अर्धे शतक शस्त्रे विकायची नाहीत, असे धोरण पाळले होते. त्या धोरणाची पहिली रेघ १९६७ मध्ये ओढली ती तत्कालीन पंतप्रधान एइसाकू सातो यांनी. पुढे ती रेघ पुसण्यात त्यांच्याच घरातल्या माणसाचा मोठा वाटा होता. हे कसे घडले, ते सातो यांच्या आयुष्यातून समजून घेता येते.

एइसाकू सातो कोण होते?

सातो यांचा जन्म २७ मार्च १९०१ रोजी जपानच्या पश्चिम टोकाकडील यामागुची प्रांतात, ताबुसे या गावी झाला. हा प्रांत म्हणजे जुने चोशू संस्थान. एकोणिसाव्या शतकात शोगुनांची सत्ता उलथवून आधुनिक जपान उभा करणाऱ्यांत चोशूचे सरदार आघाडीवर होते. त्यामुळे सैन्य, आरमार आणि राजकारण या तिन्ही ठिकाणी या प्रांताचे वजन पुढे अनेक दशके टिकले.

सातो यांचे वडील मूळचे किशी घराण्यातले. लग्नानंतर ते घरजावई म्हणून सातो कुटुंबात आले आणि त्यांनी पत्नीचे आडनाव घेतले. घरात साके गाळण्याचा व्यवसाय होता. तिन्ही मुलगे हुशार निघाले. थोरला इचिरो आरमारात गेला आणि व्हाइस अॅडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. मधला नोबुसुके वडिलांच्या मूळ घराण्यात दत्तक गेला आणि नोबुसुके किशी झाला. धाकटे एइसाकू सातोच राहिले. सख्खे भाऊ असूनही किशी आणि सातो यांची आडनावे वेगळी दिसतात, त्याचे कारण हे. पुढे दोघेही जपानचे पंतप्रधान झाले. किशी यांच्या कन्येचे पुत्र म्हणजे शिंझो आबे. त्या नात्याने सातो हे आबे यांच्या आईचे सख्खे काका.

रेल्वेतून राजकारणात कसे आले?

तोक्यो इम्पिरियल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन सातो १९२४ मध्ये रेल्वे मंत्रालयात रुजू झाले. दोन वर्षांनी त्यांचे लग्न हिरोको या मामेबहिणीशी झाले. मधले भाऊ किशी हे मांचुरियातील उद्योगांचे सूत्रधार आणि नंतर तोजो यांच्या युद्धकालीन मंत्रिमंडळात मंत्री होते. त्या मानाने सातो यांची कारकीर्द साधी होती. त्यांनी सारी उमेद वेळापत्रके, बदल्या आणि मालवाहतूक यांत घालवली. १९४४ मध्ये त्यांना ओसाका रेल्वे विभागाचे प्रमुख करण्यात आले. मध्यवर्ती सत्तेपासून दूर पाठवणीच होती ती. पण तीच पुढे पथ्यावर पडली.

१९४५ मध्ये जपानचा पराभव झाला आणि अमेरिकेचा अंमल सुरू झाला. किशी यांना पहिल्या श्रेणीचे संशयित युद्धगुन्हेगार म्हणून सुगामो तुरुंगात टाकण्यात आले. सातो मात्र सरकारी सेवेत राहिले आणि १९४७ मध्ये वाहतूक मंत्रालयाचे सर्वोच्च अधिकारी झाले. पंतप्रधान शिगेरू योशिदा यांची नजर त्यांच्यावर पडली. १९४८ मध्ये योशिदांनी त्यांना मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव नेमले. जपानमध्ये हे पद राजकीय असते आणि सरकारचा प्रवक्ताही तोच असतो. सातो तेव्हा संसदेचे सदस्यही नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये किशी खटला न चालताच तुरुंगातून सुटले, तेव्हा ते थेट धाकट्या भावाच्या सरकारी निवासस्थानी गेले.

१९४९ मध्ये सातो निवडून आले. योशिदांच्या तालमीत तयार झालेल्या नेत्यांत दोन नावे ठळक होती, सातो आणि हायातो इकेदा. दोघेही कुमामोतोच्या एकाच शाळेत शिकलेले. योशिदांचे सूत्र सरळ होते. संरक्षणाची जबाबदारी अमेरिकेवर सोपवायची, लष्करावर कमीत कमी खर्च करायचा आणि सगळी ताकद अर्थव्यवस्था उभी करण्यात लावायची. सातो आयुष्यभर याच चौकटीत वावरले.

जहाजबांधणी घोटाळ्यात त्यांचे नाव कसे आले?

युद्धात जपानचा व्यापारी जहाजांचा ताफा जवळपास संपला होता. तो पुन्हा उभा करण्यासाठी सरकारने जहाज कंपन्यांच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलण्याचा कायदा केला. हा फायदा पदरात पाडून घेण्यासाठी कंपन्यांनी राजकारण्यांना पैसे चारल्याचे १९५४ मध्ये उघडकीस आले. सातो तेव्हा सत्ताधारी लिबरल पक्षाचे सरचिटणीस होते. सरकारी वकिलांनी त्यांच्या अटकेची परवानगी मागितली.

२१ एप्रिल १९५४ रोजी कायदामंत्री ताकेरू इनुकाई यांनी आपला विशेष अधिकार वापरून ही अटक रोखली. देशभर संताप उसळला. इनुकाई यांनी लगेच राजीनामा दिला आणि त्याच वर्षअखेर योशिदांचे सरकारही गेले. सातो यांच्यावर पुढे राजकीय निधीविषयक कायद्याच्या भंगाचा खटला भरला गेला. पण १९५६ मध्ये जपानला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले, त्यानिमित्त सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि खटला निकाली निघाला.

जहाजबांधणी हा उद्योग मात्र फोफावला. १९५६ पासून जपान जगात सर्वाधिक जहाजे बांधणारा देश बनला. तेलवाहू आणि मालवाहू जहाजे जपानी गोद्यांतून रांगेने बाहेर पडू लागली. याच गोद्यांतील काहींत जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलासाठी युद्धनौकाही बांधल्या जात होत्या. कारागीर होते, पोलाद होते, अनुभव होता. युद्धनौका परदेशी विकायच्या ठरवल्या असत्या, तर क्षमतेची अडचण नव्हती. पुढच्या धोरणाचे महत्त्व यामुळेच वाढते.

१९६७ ची त्रिसूत्री काय होती?

इकेदा यांना घशाच्या कर्करोगामुळे पद सोडावे लागले आणि ९ नोव्हेंबर १९६४ रोजी सातो पंतप्रधान झाले. तोक्यो ऑलिम्पिक नुकतेच पार पडले होते आणि अर्थव्यवस्था जोरात होती. दुसरीकडे व्हिएतनाम युद्ध पेटत होते आणि अमेरिकेच्या ताब्यातील ओकिनावा बेटावरच्या तळांचा त्यासाठी वापर होत होता. आपला देश मागच्या दाराने युद्धात ओढला जातो आहे, ही भीती जपानी जनतेत होती.

याच सुमारास तोक्यो विद्यापीठात विकसित झालेले संशोधन रॉकेट युगोस्लाव्हिया आणि इंडोनेशियाला निर्यात झाल्याचा विषय संसदेत आला. वातावरणाच्या अभ्यासासाठीचे हे रॉकेट उद्या क्षेपणास्त्रासाठी वापरले गेले तर काय, असा प्रश्न होता. कनिष्ठ सभागृहाच्या लेखा समितीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकलेखा समितीसारख्या व्यासपीठावर, २१ एप्रिल १९६७ रोजी सातो यांनी सरकारची भूमिका मांडली. १३ वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांची अटक टळली होती.

त्यांनी सांगितलेली तीन सूत्रे अशी. पहिले, कम्युनिस्ट गटातील देशांना शस्त्रे विकायची नाहीत. दुसरे, संयुक्त राष्ट्रांनी ज्यांच्यावर शस्त्रबंदी घातली आहे, त्यांना विकायची नाहीत. तिसरे, जे देश आंतरराष्ट्रीय संघर्षात गुंतले आहेत किंवा गुंतण्याची शक्यता आहे, त्यांनाही विकायची नाहीत.

ही संपूर्ण बंदी नव्हती. या तीन गटांबाहेरच्या देशांना शस्त्रे विकण्याची वाट सातो यांनी उघडी ठेवली होती. तरीही तिसऱ्या सूत्रातील शक्यतेचा उल्लेख फार व्यापक होता. शीतयुद्धाच्या काळात संघर्षाची शक्यताच नाही असे किती देश सापडणार? त्यामुळे प्रत्यक्षात ही रेघ कागदावर दिसते त्याहून जाड ठरली.

तो कायदा होता का?

नव्हता, आणि पुढची सारी कथा इथे सुरू होते. जपानच्या संविधानातील नवव्या कलमाने युद्धाचा मार्ग सोडला आहे, पण त्यात शस्त्रनिर्यातीचा उल्लेख नाही. शस्त्रे परदेशी पाठवायची तर परकीय चलन व व्यापारविषयक कायद्यानुसार सरकारचा परवाना लागतो. हा परवाना कोणाला द्यायचा आणि कोणाला नाकारायचा, हे सरकार ठरवते. सातो यांची त्रिसूत्री म्हणजे परवाना देताना सरकार कोणती फूटपट्टी लावील, याविषयी पंतप्रधानांनी समितीत दिलेले उत्तर होते.

कायदा बदलायचा तर संसदेत विधेयक मांडावे लागते, त्यावर चर्चा आणि मतदान होते. सरकारची भूमिका बदलायला मंत्रिमंडळाचा ठराव पुरतो. सातो यांनी १९६७ मध्ये ही सोय जाणूनबुजून ठेवली की विरोधकांच्या प्रश्नांतून निभावून जाण्यापुरते उत्तर दिले, यावर वाद होऊ शकतो. परिणाम मात्र एकच. जे वचन उत्तराच्या रूपात आले, ते नंतरच्या सरकारांना दुसरे उत्तर देऊन घट्ट किंवा सैल करता आले.

जाहीर संयम आणि गुप्त करार एकत्र कसे नांदले?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सातो यांनी आणखी एक त्रिसूत्री मांडली. जपान अण्वस्त्रे बनवणार नाही, बाळगणार नाही आणि देशात येऊ देणार नाही. आज जगाला सातो आठवतात ते मुख्यतः या घोषणेमुळे.

पण त्यांच्यापुढचे सर्वांत मोठे उद्दिष्ट होते ओकिनावा परत मिळवणे. १९६५ मध्ये ते तिथे गेले. युद्धानंतर त्या बेटावर पाऊल ठेवणारे ते पहिले जपानी पंतप्रधान. बेट परत मिळाल्याशिवाय जपानचे युद्ध संपले असे म्हणता येणार नाही, अशी त्यांची धारणा होती. नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याशी त्यांचा समझोता झाला आणि १५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानकडे परतले. अण्वस्त्रे हटवून बेट परत मिळेल, असे देशाला सांगण्यात आले होते.

मात्र त्याच भेटीत दोन्ही नेत्यांनी एका गुप्त टिपणावर सह्या केल्या होत्या. मोठे संकट आले तर अमेरिकेला ओकिनावात पुन्हा अण्वस्त्रे आणू देण्याची मुभा त्यात होती. या वाटाघाटींत सातो यांचे गुप्त दूत असलेले प्राध्यापक केई वाकाइझुमी यांनी १९९४ मध्ये पुस्तक लिहून ही गोष्ट फोडली. जपान सरकार ते नाकारत राहिले. अखेर २००९ मध्ये ते टिपण सातो यांच्या कुटुंबीयांकडेच असल्याचे समोर आले.

म्हणजे सातो हे ढोंगी होते का? इतके सोपे उत्तर नाही. अमेरिकेच्या छत्राखाली राहायचे, देशातील शांततावादी जनमत सांभाळायचे आणि गमावलेली भूमी युद्धाशिवाय परत मिळवायची, अशी तिहेरी कसरत ते करत होते. जाहीर तत्त्व आणि बंद दारामागची तडजोड हे दोन्ही त्यांच्यासाठी राज्यकारभाराचेच भाग होते. पण त्याची किंमत नागरिकांनी मोजली. आपल्या देशाने नेमके काय कबूल केले आहे, हे जपानी मतदारांना चार दशके कळले नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

ओकिनावा परतताच सातो यांनी निवृत्ती जाहीर केली. १७ जून १९७२ ची त्यांची निरोपाची पत्रकार परिषद गाजली ती वेगळ्याच कारणाने. वृत्तपत्रे आपले म्हणणे वाकडे करून छापतात, असा राग मनात असलेल्या सातो यांना फक्त दूरचित्रवाणीवरून जनतेशी बोलायचे होते. वृत्तपत्रांचे वार्ताहर दालनातून निघून गेले आणि पंतप्रधान रिकाम्या खुर्च्यांपुढे कॅमेऱ्याकडे पाहून बोलत राहिले.

१९७४ मध्ये आयर्लंडचे शॉन मॅकब्राइड यांच्यासह त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. अण्वस्त्रांपासून देशाला दूर ठेवल्याबद्दल हा गौरव होता. जपानमध्ये त्यावर टीकाही झाली, कारण व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची पाठराखण करणारा नेता शांततेचा मानकरी कसा, हा प्रश्न अनेकांना पडला होता. मे १९७५ मध्ये एका रेस्तराँमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३ जून १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. बुदोकान सभागृहातील अंत्यसंस्काराच्या वेळी तत्कालीन पंतप्रधान ताकेओ मिकी यांच्यावर एका उजव्या विचारसरणीच्या कार्यकर्त्याने हल्ला करून त्यांना ठोसा मारला. सातो यांची शस्त्रविषयक रेघ अधिक ठळक केली ती याच मिकी यांनी.

ती रेघ आधी घट्ट आणि मग सैल कशी झाली?

फेब्रुवारी १९७६ मध्ये मिकी सरकारने भूमिका जाहीर केली की, सातो यांच्या तीन गटांत न बसणाऱ्या देशांनाही शस्त्रे विकणे टाळले जाईल. शस्त्रे बनवण्याच्या यंत्रसामग्रीलाही हीच फूटपट्टी लावण्यात आली. मर्यादित निर्बंधाचे रूपांतर जवळपास पूर्ण बंदीत झाले ते इथे. हाही कायदा नव्हता, सरकारची भूमिकाच होती.

पहिली फट पडली १९८३ मध्ये. पंतप्रधान यासुहिरो नाकासोने यांच्या सरकारने लष्करी तंत्रज्ञान फक्त अमेरिकेला देण्याची मुभा ठेवली. २००४ मध्ये अमेरिकेबरोबर क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा विकसित करण्यासाठी अपवाद झाला. डिसेंबर २०११ मध्ये योशिहिको नोदा यांच्या सरकारने मित्रदेशांबरोबर शस्त्रांचा संयुक्त विकास आणि उत्पादन करण्याची वाट सर्वसाधारणपणे मोकळी केली.

मग १ एप्रिल २०१४ रोजी शिंझो आबे यांच्या मंत्रिमंडळाने सातो यांच्या त्रिसूत्रीच्या जागी नवी त्रिसूत्री आणली. नाव तीन सूत्रांचेच राहिले, आशय बदलला. शस्त्रनिर्यात हा शब्द जाऊन संरक्षण साहित्य व तंत्रज्ञानाचे हस्तांतरण असा शब्दप्रयोग आला. आंतरराष्ट्रीय करार किंवा सुरक्षा परिषदेचे ठराव मोडत असतील, तर आणि संघर्षातील देशांना हस्तांतरण नाही, हे पहिले सूत्र. मात्र संघर्षातील देश कोणता, याची व्याख्या सुरक्षा परिषद ज्याच्याविरुद्ध पावले उचलत आहे, अशा देशापुरती आखडली. सातो यांच्या सूत्रातील संघर्षाच्या शक्यतेचा उल्लेख गळाला. जपानच्या सुरक्षेला किंवा शांततेला हातभार लागत असेल, तर कसून छाननी करून परवानगी, हे दुसरे सूत्र. घेणाऱ्या देशाने वस्तू वेगळ्या कामासाठी वापरणे किंवा तिसऱ्या देशाला देणे यावर नियंत्रण, हे तिसरे.

आबे यांनी ऑगस्ट २०२० मध्ये सलग पंतप्रधानपदाचा सातो यांचा विक्रमही मोडला. आईच्या काकांनी घालून दिलेल्या दोन्ही मर्यादा अशा रीतीने एकाच माणसाने ओलांडल्या. आबे यांचे धाकटे बंधू नोबुओ किशी यांना आजोळी दत्तक देण्यात आले होते. २०२० ते २०२२ या काळात तेच जपानचे संरक्षणमंत्री होते.

‘संयुक्त विकास’ म्हणजे नेमके काय?

२०१४ नंतरही तयार शस्त्रे विकण्यावर मर्यादा राहिली. नियमावलीनुसार तयार साहित्य केवळ पाच कामांसाठी देता येत होते, ती म्हणजे बचाव, वाहतूक, सावधगिरीचा इशारा, टेहळणी आणि सुरुंग काढणे. क्षेपणास्त्रे आणि तोफा असलेली फ्रिगेट यांपैकी कशातच बसत नाही. ती सरळ विकता आली नसती.

पण त्याच नियमावलीत दुसरा दरवाजा होता. सुरक्षा सहकार्य असलेल्या देशाबरोबर एखादे साहित्य मिळून विकसित किंवा उत्पादित करायचे असेल, तर तंत्रज्ञान आणि सुटे भाग देता येतात. ऑस्ट्रेलियाला हवी असलेली सुधारित मोगामी याच दरवाजातून निघाली. तिच्यात ऑस्ट्रेलियाच्या गरजेप्रमाणे बदल होणार, म्हणून तिला संयुक्त विकास म्हणायचे. पंतप्रधान शिगेरू इशिबा यांच्या काळात सुरक्षा परिषदेने मान्यता दिली ती याला.

व्यवहाराचा आकार मोठा आहे. पुढील दशकासाठी ऑस्ट्रेलियाने सुमारे १० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची तरतूद सांगितली आहे. मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज पहिल्या तीन नौका जपानमध्ये बांधणार असून पहिली २०२९ मध्ये द्यायची आहे. उरलेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियात बांधण्याची योजना आहे. सुमारे १४२ मीटर लांबीची ही नौका ९० च्या आसपास खलाशांवर चालू शकते. मनुष्यबळाची चणचण असलेल्या आरमाराला याचे मोल मोठे. स्पर्धेत जर्मनीच्या कंपनीची मेको ए-२०० ही नौका होती. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पाणबुडी कंत्राटात जपानला फ्रान्सच्या कंपनीने मागे टाकले होते. त्या अपयशानंतरचे हे यश आहे.

युद्धनौकेचे तंत्रज्ञान देणे म्हणजे केवळ नकाशे देणे नव्हे. पोलाद कसे जोडायचे, यंत्रांचा आवाज पाण्यात कसा दाबायचा, कोणते यंत्र किती दिवसांनी उघडून तपासायचे, हे सगळे ज्ञान सोबत जाते. मुंबईकरांना याचे उदाहरण ठाऊक आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातील सहा पाणबुड्या फ्रेंच तंत्रज्ञानाच्या हस्तांतरणातून उभ्या राहिल्या. हे तंत्रज्ञान देणारी कंपनी तीच, जिने २०१६ मध्ये जपानला मागे टाकले होते. अशा व्यवहारात देणारा आणि घेणारा पुढची दोन-तीन दशके सुटे भाग, दुरुस्ती आणि सुधारणांच्या निमित्ताने एकमेकांना बांधले जातात. म्हणूनच अशी निर्यात हा व्यापारापेक्षा परराष्ट्र धोरणाचा भाग ठरतो.

बाजू कोणत्या आहेत?

समर्थकांचा मुद्दा असा की, सातो यांच्या काळातला जपान आज राहिलेला नाही. चीनचे आरमार झपाट्याने वाढले आहे, उत्तर कोरियाकडे अण्वस्त्रे आहेत. शिवाय केवळ स्वतःच्या दलापुरती शस्त्रे बनवली की प्रत्येक नगाचा खर्च वाढतो आणि कंपन्या हा व्यवसाय सोडतात. मित्रदेशाकडे तीच नौका असेल, तर सुटे भाग, प्रशिक्षण आणि संकटकाळची दुरुस्ती सोपी होते.

विरोधकांचा आक्षेप निर्णयाच्या रीतीवर अधिक आहे. अपवादामागून अपवाद येत गेले आणि त्यातले मोठे निर्णय मंत्रिमंडळ किंवा सुरक्षा परिषदेच्या बैठकीत झाले. संयुक्त विकास ही वाट अपवाद म्हणून सुरू झाली आणि मग तीच हमरस्ता झाली. उद्या ही नौका एखाद्या युद्धात उतरली, तर आपण त्या युद्धाचे भागीदार ठरणार का, हा प्रश्न मतदारांपुढे थेट कधी ठेवलाच गेला नाही, असे त्यांचे म्हणणे.

भारताचा संबंध काय?

भारत आणि जपान यांच्यात संरक्षण साहित्य व तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करार डिसेंबर २०१५ मध्ये झाला. यूएस-२ या समुद्रावर उतरू शकणाऱ्या विमानाची चर्चा वर्षानुवर्षे चालूनही ती खरेदी झाली नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियाविषयीच्या मान्यतेच्या दोन आठवडे आधी, तोक्योत ‘युनिकॉर्न’ मास्टच्या संयुक्त विकासाच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. युद्धनौकेवरचे अनेक अँटेना एकाच शंकूसारख्या खांबात बसवणारी ही यंत्रणा आहे. अँटेना विखुरलेले नसल्याने नौका शत्रूच्या रडारवर कमी ठळक दिसते. मोगामी नौकांवर हीच यंत्रणा असते. भारतीय नौदलाच्या नौकांसाठी ती भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड जपानच्या सहकार्याने विकसित करणार आहे.

याचा अर्थ सातो यांनी ओढलेली आणि पुढच्या सरकारांनी हलवलेली रेघ आता आपल्या नौदलापर्यंत पोहोचते. पाकिस्तान आणि चीन या दोन्ही सीमांवर तणाव असलेला भारत १९६७ च्या तिसऱ्या सूत्रात, म्हणजे संघर्षाची शक्यता असलेल्या देशांत, सहज मोडला असता. २०१४ च्या व्याख्येत तो मोडत नाही. आज भारताला हे तंत्रज्ञान मिळते आहे ते या फरकामुळेही. पण जी मुभा मंत्रिमंडळाच्या ठरावाने मिळाली, ती दुसऱ्या ठरावाने आखडूही शकते. म्हणून जपानबरोबरच्या पुढच्या प्रत्येक करारात नौका किंवा यंत्राच्या किमतीइतकीच दोन कलमे पाहायला हवीत. भारतात बनलेली वस्तू तिसऱ्या देशाला विकताना जपानची संमती कितपत लागेल, आणि जपानचे धोरण बदलले तर सुटे भाग मिळत राहतील का.